भाकरीची प्रार्थना आणि सोमवारचं काम

रविवारी आमच्या देवळात प्रभूची प्रार्थना होते. (नगरकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात, मीही म्हणतो.) दीडदोनशे माणसं एका सुरात म्हणतात, 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' ज्याने मूळ शब्दासाठी मराठीत भाकर आणली, त्याला मी मनातल्या मनात दर रविवारी नमस्कार करतो. पाव म्हटला असता तर ती प्रार्थना आमच्या चुलीपर्यंत पोचलीच नसती.

सोमवारी मी एका छोट्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसतो. बिलं, जीएसटी, पगारपत्रक, आणि 'पेमेंट कधी?' असं विचारणारे फोन. रविवारची भाकर आणि सोमवारचं हे टेबल यांचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला आहे. ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास कामात जगावा असं संदेशात, म्हणजे देवळातल्या प्रवचनात, नेहमी सांगतात. सगळे मान हलवतात. पण म्हणजे नक्की काय करायचं, हे विचारलं की दोनच उत्तरं येतात: चोरी-लबाडी करू नका, आणि सहकाऱ्यांना साक्ष द्या, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगा. दोन्ही बरोबरच आहेत. पण दोन्हींमध्ये खुद्द काम कुठेच नाही. आठ-दहा तास जे करतो, त्याला देवाच्या लेखी काही किंमत आहे की ते नुसतं पोट भरण्याचं साधन, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

ते उत्तर भाकरीतच आहे. देवाकडे भाकर मागितल्यावर ती येते कशी? आकाशातून पडत नाही. सोलापूरकडचा कुणीतरी शेतकरी ज्वारी पेरतो, कुणी काढतो, मळतो. आडतीवर माप होतं. टेम्पोवाला रात्रभर जागून पोतं शहरात आणतो. गिरणीवाला दळून देतो, घरातली बाई थापते. म्हणजे देवाने प्रार्थना ऐकली, आणि ती पुरी केली या दहा-बारा माणसांच्या हातांनी. त्यातल्या बहुतेकांना माझं नावही माहीत नाही.

सोळाव्या शतकातला जर्मन सुधारक मार्टिन लूथर याने हे नीट मांडलं. १५२९ साली त्याने साध्या घरांसाठी एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. त्यात रोजची भाकर म्हणजे काय, याचं उत्तर देताना तो अन्नावर थांबत नाही. कपडे, बूट, घर, शेत, गुरं, चांगलं सरकार, चांगलं हवामान, विश्वासू शेजारी असं सगळं मोजत जातो. ही यादी नीट पाहिली तर त्यातलं हवामान सोडून बाकी जवळजवळ सगळं कुणाच्या ना कुणाच्या कामातून येतं. मग गिरणीवाला नुसतं पीठ दळत नाही, तो कुणाच्या तरी प्रार्थनेचं उत्तर पोचवत असतो. त्याने पिठात काही मिसळलं, तर ते उत्तर वाटेत नासतं.

मला वाटतं, ख्रिस्ती विश्वास आणि काम यांच्याबद्दल जे काही सांगितलं जातं, त्याचा गाभा एवढाच आहे. बाकीचं सगळं यातून निघतं.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानांवर काम येतं, तेही शिक्षा म्हणून नाही. एदेन बागेत माणसाला ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. हे शब्द ऐकल्यावर शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाप, शाप, काटेकुसळं, निढळाचा घाम हे सगळं त्यानंतरच्या अध्यायात आहे. घाम हा पतनानंतरचा आहे, काम आधीचं. तिथे मशागतीसाठी जो हिब्रू धातू आहे, त्यापासून झालेला 'अवोदा' हा शब्द काम, चाकरी आणि उपासना अशा तिन्ही अर्थांनी येतो. आपल्याकडे 'सेवा' तसाच आहे की. माणूस सरकारी सेवेत असतो आणि देवाचीही सेवा करतो. कांद्या-मुळ्याच्या वाफ्यात विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याच्या मुलखात ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही.

आणखी एक माणूस आहे, ज्याच्यावर मी आजवर एकही संदेश ऐकलेला नाही. बसालेल. निर्गमाच्या पुस्तकात देव मोशेला सांगतो, की मी याला माझ्या आत्म्याने भरलं आहे. कशासाठी? भविष्य सांगण्यासाठी नाही, प्रवचनासाठीही नाही. सोन्या-चांदीचं आणि पितळेचं काम, रत्नांना पैलू पाडणं, लाकडाचं कोरीवकाम यासाठी. कारागिराच्या बोटांत देवाचा आत्मा! आमच्याकडे आत्म्याने भरलेला माणूस म्हटलं की माइक हातात घेतलेलाच डोळ्यांपुढे येतो.

आणि येशू? मार्कच्या शुभवर्तमानात गावातले लोक त्याला सुतार म्हणतात, तेही जरा हिणवूनच. लूक सांगतो की सेवाकार्याला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे कामाच्या वयातला मोठा काळ त्याने रंधा नाहीतर दगड हाताळला असणार (मूळ ग्रीक शब्दात बांधकाम करणाराही बसतो). त्याच्या दाखल्यांत पेरणारा आहे, कोळी आहेत, पिठात खमीर घालणारी बाई आहे, हिशेबात गफलत करणारा कारभारीसुद्धा आहे. तो शेवटचा मला जरा जवळचा वाटतो.

मग मध्येच असं काय झालं, की पाळक आणि मिशनरी यांचंच काम 'देवाचं' आणि बाकीच्यांचं नुसतं 'पोटाचं' झालं? याचं एक कारण मध्ययुगीन युरोपात आहे. मठात गेलेल्या माणसाला पाचारण आहे, संसारी माणसाला नाही, अशी समजूत तिथे मुरली होती. पाचारण म्हणजे देवाने बोलावणं. लूथर स्वतः मठातून बाहेर पडलेला. तो म्हणाला की दाई, न्यायाधीश, मोलकरीण, आई-बाप या सगळ्यांना पाचारण आहे. देवाला आपल्या कामाची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. धंद्यासाठीचा जर्मन शब्द 'बेरूफ' आजही 'बोलावणं' याच मुळावरून आलेला आहे.

लूथरच्या नावावर एक वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं. ख्रिस्ती माणूस बुटांवर छोटे क्रूस कोरून नव्हे, तर चांगले बूट शिवून आपलं कर्तव्य करतो, असं काहीसं. ते त्याच्या लिखाणात सापडत नाही. कुणीतरी मागाहून रचलं आणि त्याच्या नावावर टाकलं. पण रचणाऱ्याने मर्म पकडलंय. गाडीवर 'येशू तारतो' लिहिलेलं आणि ब्रेक घासलेले, असली रिक्षा मी पाहिली आहे. बसलोही आहे.

इथवर सगळं गोड आहे. पण माझ्यासारख्याला इथे एक खडा लागतो, आणि तो बाजूला सारून पुढे जाणं मला जमत नाही.

माझे पणजोबा गावचे येसकर होते. वेशीची राखण, निरोप पोचवणं, मेलेलं जनावर ओढून नेणं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणं. मोबदल्यात संध्याकाळी दारोदार फिरून गोळा केलेली भाकर. तीही बहुतेकदा शिळी, वरून टाकलेली. आता त्या माणसाला कुणी म्हटलं असतं, 'तुझं काम हे देवाने दिलेलं पाचारण आहे, ते मन लावून कर,' तर? हे तर गावाने त्याला आधीपासून सांगितलेलंच होतं. फक्त देवाचं नाव वेगळं होतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली हे अचूक शब्दांत सांगितलं: जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. युरोपात 'ज्याने त्याने आपल्या जागी राहून देवाची सेवा करावी' हे वाक्य मठाच्या बाहेरच्या माणसाला मान देणारं होतं. तेच वाक्य महाराष्ट्रातल्या खेड्यात आणलं की त्याचा दोरखंड होतो. लूथरने ज्या वचनाचा आधार घेतला, त्यात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की ज्या स्थितीत पाचारण झालं त्या स्थितीत राहावं. पण लगेच पुढच्याच ओळीत तो दासाला सांगतो, की मोकळं होता येत असेल तर ती संधी घे. आमच्या पूर्वजांनी ही दुसरी ओळ धरली. एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यातल्या गावोगावचे महार-मांग ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या घरात पहिल्यांदा शाळामास्तर झाला, नर्स झाली, सुतारकाम शिकलेला मुलगा झाला. देवाने दिलेलं काम आणि गावाने लादलेलं काम यांतला फरक त्यांना कुणा पंडिताने शिकवला नव्हता.

म्हणून, कुठलंही काम पवित्र असतं असं सरसकट म्हणायला माझी जीभ वळत नाही. गटारात माणूस उतरवणं पवित्र नाही. तिथे विश्वास जगणं म्हणजे निमूटपणे उतरणं नव्हे, त्याला उतरावं लागू नये यासाठी काही करणं.

हे कसं करतात, ते पाहायचं तर जामखेडला जावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या जोडप्याने १९७० साली तिथे काम सुरू केलं. दोघेही उघडपणे ख्रिस्ती श्रद्धेतून काम करणारे. त्यांना मोठं हॉस्पिटल काढता आलं असतं. पण गावकऱ्यांशी बोलल्यावर कळलं की लोकांना डॉक्टर नंतर हवा होता, आधी पाणी आणि खायला हवं होतं. मग तिथून सुरुवात. हातपंप कुठे घ्यायचा हा प्रश्न आला की ते दलित वस्तीकडे झुकायचे. आता पाणी भरायचं तर सवर्ण घरांतल्या बायकांनाही त्या वस्तीत पाऊल टाकणं भाग होतं. कुठलंही भाषण न करता एक भिंत झिजायला लागली. पुढे गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाब झालेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी, लसीकरण हे सगळं त्या करू लागल्या. ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या हातात गाव आपलं बाळ द्यायला लागलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याआधीचं असंच उदाहरण केडगावचं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि विधवा विणकाम, शेती, दूधदुभतं शिकल्या, छापखानाही त्यांनीच चालवला. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर केलेलं संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, तिथेच छापून झालं. ज्यांना घराने टाकून दिलं, त्यांनी अक्षराचा एकेक खिळा जुळवून ते पुस्तक उभं केलं.

आता मजुरीचं. यात मात्र शास्त्र अगदी हिशेबनीसासारखं बोलतं. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो, असं पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात लिहिलंय. शेताची कड कापू नका, सरवा वेचायला गरिबांना ठेवा. वजनं दोन ठेवू नका, एक घेण्याचं आणि एक देण्याचं. नव्या करारातला याकोब तर म्हणतो की तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक संध्याकाळी पाचच्या सुमारास चौकात येतो, तिथे काही माणसं उभीच. 'दिवसभर रिकामे का उभे?' तर ती म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. पुण्यातल्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर सकाळी अकरानंतर जा, हेच वाक्य ऐकू येईल. मालक त्यांनाही पुरा एक दिनार देतो, म्हणजे एका दिवसाची मजुरी. सकाळपासून राबलेले चिडतात, आणि मलाही वर्षानुवर्षं त्यांचंच म्हणणं पटायचं. पगारपत्रक करणाऱ्याला ते पटणारच. पण एक तास काम मिळालेल्याच्या घरीही पोरांना अख्ख्या दिवसाचीच भूक लागते.

रोमन कॅथलिक चर्चने हाच धागा पकडून १८९१ साली मोठं पाऊल टाकलं. पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर एक परिपत्रक काढलं. मालक-मजुरांत कितीही राजीखुशीने करार झालेला असो, काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं पोट भरणार नाही इतकी कमी मजुरी हा अन्यायच, असं त्यात स्पष्ट आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतलं, तेही याच लिओंची आठवण ठेवून. त्या वेळी यंत्रं आली होती, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, असं ते म्हणाले. १९५५ पासून १ मे हा कॅथलिक लोक कामगार संत योसेफ यांचा सण म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी महाराष्ट्र दिनही असतो, त्यामुळे वसईच्या माणसाला एका सुट्टीत तीन सण.

विश्रांतीचंही तेच. शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा म्हणजे 'रविवारी देवळात या' एवढीच, असं आम्ही लहानपणी समजायचो. पण अनुवादात ती वाचली तर दास, दासी, परका, अगदी बैल आणि गाढवसुद्धा यांना विसावा मिळावा असं लिहिलंय. कारण काय, तर तूही मिसर देशात दास होतास. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून खांदेमळणी करतात, तसं काहीसं दर आठवड्याला. ज्याची रविवारी शिफ्ट आहे, ती नर्स किंवा एसटीचा ड्रायव्हर पापी ठरत नाही. शब्बाथ माणसासाठी झाला, हे येशूचंच सांगणं. पण जो साहेब रविवारी दुपारी ग्रुपवर 'अर्जंट' लिहून एक्सेल मागतो आणि संध्याकाळी उपासनेला पहिल्या बाकावर बसतो, त्याने ही आज्ञा एकदा शांतपणे वाचावी.

साक्ष देण्याबद्दल थोडंच. येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सौम्यपणे सांगा. 'विचारलं तर' हे महत्त्वाचं. हाताखालच्या माणसाला प्रार्थनेला बसवणं ही साक्ष नव्हे, ती दादागिरी आहे. त्याला नाही म्हणायची सोय नसते.

आणि लबाडी? इथे मला योहान बाप्तिस्मा करणारा आवडतो. जकातदार त्याच्याकडे येऊन विचारतात, आम्ही काय करावं? त्या काळी जकातदार म्हणजे रोमन सरकारसाठी कर गोळा करणारा आणि वर स्वतःचं चहापाणी काढणारा. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका, म्हणतो. शिपायांना म्हणतो, दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. बस. तहसीलच्या टेबलाला चिकटवून ठेवावं इतकं साधं आहे ते.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाचा एक छोटा ख्रिस्ती पंथ होता. 'तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही' हे येशूचं वचन त्यांनी शब्दशः घेतलं. त्यांतले दुकानदार म्हणाले, ज्या भावाला द्यायचंच नाही तो भाव आधी सांगणं हे खोटं बोलणं झालं. तेव्हा आमच्याकडे एकच भाव. घासाघीस बंद. सुरुवातीला गिऱ्हाईक तुटलं. मग लोकांच्या लक्षात आलं की यांच्या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी फसवणूक होत नाही, आणि गिऱ्हाईक परत आलं. उपदेश काही नव्हता, फक्त भाव खरा होता. पण दर वेळी गिऱ्हाईक परत येतंच असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. सचोटी हा धंदा वाढवण्याचा उपाय आहे असं जे सांगतात, त्यांचा मला संशय येतो.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण माझ्या टेबलाचा खण आहे. आमच्याकडे खोकी पुरवणारा एक माणूस होता. घरातच दोन मशिनं, नवरा-बायको आणि दोन मुलं कामाला. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, तो त्यालाही माहीत होता आणि मलाही. त्याचं बिल नव्वदीकडे गेलं होतं. दर आठवड्याला फोन यायचा. आणि मी म्हणायचो, 'चेक सहीला गेलाय, साहेब बाहेरगावी आहेत.' चेक सही होऊन माझ्या खणात पडलेला असायचा. महिनाअखेरीला खात्यात शिल्लक दिसावी म्हणून तो मीच दाबून ठेवलेला. असं करायला मला कुणी लेखी सांगितलं नव्हतं. ही सगळ्याच हिशेबनीसांची सवय असते, त्याला आम्ही 'फिरवणं' म्हणतो.

चौथ्या की पाचव्या फोनला तो रागावला नाही. म्हणाला, 'काका, नक्की कधी ते सांगा हो. पोरांना तरी तसं सांगतो.' पोरांना म्हणजे कामाच्या दोन मुलांना. ती शनिवारी हिशेब मागायची.

तो दिवस शुक्रवार होता. परवा, रविवारी, मी पुन्हा उभा राहून भाकर मागणार होतो. त्या दोन मुलांची भाकर माझ्या खणात होती, स्टेपलर आणि रबरी शिक्क्यांच्या मध्ये.

चेक मी त्याच दुपारी काढून दिला. सगळी बिलं तशी निघत नाहीत, खात्यात खरंच पैसे नसतात, तेव्हा थांबावंच लागतं. पण त्यानंतर 'सहीला गेलाय' हे वाक्य मी बंद केलं. आता म्हणतो, 'वीस तारखेच्या आत जमणार नाही, वीसला देतो.' पहिले काही महिने समोरच्याचा विश्वासच बसायचा नाही. ते वीसला सकाळी साडेनवालाच फोन करायचे.